आमचं चुकलं, दर सोमवारी

नाही नाही, शारदाताई, चूक झालीच आहे. कोण नाही म्हणतंय? तुम्ही आधी बसा. ती पिशवी इकडे द्या — अरे बाप रे, दोन-दोन पंचांगं घेऊन एवढे जिने चढलात? एक मराठी, एक हिंदी, आणि खुणेच्या चिठ्ठ्यासुद्धा घालून आणल्यात. बिल्कुल वकिलासारखी तयारी. पण गरज नव्हती हो, खरंच नव्हती. दुसरीकडे कुठे गेला असतात तर माणूस अंगावर आला असता — मॅडम, हमारे यहाँ गलती होती ही नहीं, आपके समझने में फेर है. इथे तसं नाही. इथे तुम्ही टेकायच्या आधीच मी म्हणालो, चुकलं. म्हणालो की नाही? ती पाटी बघा वर. 'आमचं चुकलं.' आमच्या स्मरणतिथी सेवेचा ब्लॉग आहे तो — दर सोमवारी एक चूक, स्वतःची, न लपवता. आख्ख्या मल्हारगंजात अशी पाटी दाखवा मला. लोक लिहितात 'हमारी दूसरी कोई ब्रांच नहीं है', मी लिहितो 'आमचं चुकलं'. चाय सांगू? साखर बंद आहे? इथे फिकी सांगितली की तो शक्कर पुडीत बांधून वेगळी पाठवतो, त्याचं मन मानत नाही. बरं, नको तर नको.

हां, तर तुमची नोंद. ही बघा — कै. बाळकृष्ण तारे, ज्येष्ठ वद्य नवमी. तुम्ही लिहून दिलं ते बरोबर, आम्ही चढवलं ते बरोबर, अक्षर न अक्षर. चुकलं कुठे, तर महिना मोजण्यात. तुम्हाला आता माहीत पडलंच आहे, तरी सांगतो, मला समजावून सांगायला आवडतं — आपल्या मराठी माणसांचा महिना संपतो अमावास्येला. इकडच्या हिंदी पंचांगाचा संपतो पौर्णिमेला. चंद्र वाढतो तो पंधरवडा दोघांचा एकाच नावाचा, तिथे भांडण नाही. पण वद्य लागला, की त्यांच्याकडे पुढचा महिना सुरू. आपला ज्येष्ठ वद्य तो त्यांचा आषाढ कृष्ण. आणि त्यांचा ज्येष्ठ कृष्ण तर येऊन गेलेला असतो महिनाभर आधीच. आमच्या कम्प्यूटरमध्ये फाइल होती हिंदी पंचांगाची, नावं होती मराठी माणसांची. झालं. शुद्ध पक्षात गेलेल्या सगळ्यांची श्राद्धं वेळेवर, वद्य पक्षात गेलेल्यांची महिनाभर आधी. आता ही चूक पुण्यातला माणूस करेल? नाही. कानपूरचा करेल? तोही नाही. त्याला इंदूरचाच माणूस लागतो — घरात मराठी, जिना उतरला की हिंदी, आणि पंचांग जे हाताशी येईल ते. म्हणजे एका परीने आपल्या दोन्ही संस्कृतींचा संगमच — नाही, बरोबर आहे तुमचं, हसण्यासारखं काही नाही त्यात.

कळतंय मला. तुमचं दुखणं वेगळं आहे. पहिल्या वर्षी आमचा मेसेज गेला मे महिन्यात, की आठ दिवसांनी तिथी आहे. तुम्ही मुलाला पुण्याला कळवलं. मानस म्हणाला, आई, बाबा गेले तेव्हा जून संपत आला होता, हे मधेच मे कुठून काढलं? तुम्ही म्हणालात, निरखेंची सेवा लावली आहे, त्यांचं घराणंच तिथ्यांचं, ते चुकायचे नाहीत. हे तुम्ही आत्ता सांगितलंत ना, तेव्हा मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. खरंच आहे ते — आमचे पणजोबा होळकर दरबारात होते, सणवार, स्वारी, मुहूर्त, सगळ्याची टिपणं त्यांच्याकडे. तर तुम्ही मानसचं ऐकलं नाही. तो आला नाही. पुतण्याच्या हातून श्राद्ध उरकलं. पुढच्या महिन्यात तो रजा टाकून निघतो म्हणाला, तर तुम्ही म्हणालात, एका घरात एका माणसाची दोन श्राद्धं होत नाहीत, आता येऊ नकोस. आणि तो खरंच आला नाही. तीन वर्षं. फोन नाही, दिवाळी नाही, काही नाही. घरोघरी मातीच्या चुली, ताई, काय बोलणार.

मला? मला फोन केला होतात? पहिल्याच वर्षी? मी काय म्हणालो? 'तारीख वेगळी, तिथी वेगळी, अधिक महिना आला की मागेपुढे होतंच' — असं म्हणालो? मीच? हां — म्हणालो असेन. ते आमचं ठरलेलं वाक्य आहे. फोनवर कुणी शंका काढली की तेच सांगतो, नव्वद टक्के लोक तेवढ्यावर गप्प बसतात. म्हणजे समाधान होतं त्यांचं.

आणि तुम्हाला पैसे परत नकोत, सेवा फुकट नको, काही नको. एक कागद पाहिजे. माझ्या हातचा, माझ्या सहीचा, मानसच्या नावे — की चूक माझी होती आणि तुझं बरोबर होतं. कारण येत्या नवमीला अजून नऊ दिवस आहेत, ह्या वेळी श्राद्ध खऱ्या तिथीला व्हायला पाहिजे आणि मुलाच्या हातून व्हायला पाहिजे. तुम्ही स्वतः सांगितलंत तर तो म्हणेल, आईला आता एकटं वाटतंय म्हणून बोलावते आहे. कागद पाहिजे. समजलं. रास्त आहे. एकदम रास्त. देणार आहे मी. फक्त ते कसं द्यायचं, ते जरा नीट ठरवू.

कारण असं आहे ना ताई, चूक कबूल करणं हेही एक शास्त्र आहे. लोकांना वाटतं, तोंड उघडलं आणि म्हटलं चुकलो, की झालं. अजिबात नाही. मी शिकलोय ते. रिटायर झालो, ही सेवा काढली, अकराशे घरं जोडली, आणि तेव्हाच विजयनगरला एका हॉटेलात शिबिर होतं — नाश्त्यासकट. तिथे तो ट्रेनर म्हणाला, भिया, जो अपनी गलती खुद बता दे, ग्राहक उसका भगत हो जाता है. मी तिथेच वहीत लिहून घेतलं. आणि घरी येऊन पहिली चूक टाकली. काय होती — श्राद्धाच्या सामानाच्या यादीत काळे तीळ दोनदा लिहिले होते. बस. तर लोकांनी काय कौतुक केलं हो. 'ऐसे ईमानदार लोग आजकल कहाँ.' तिळाची चूक, आणि मी ईमानदार. मग दुसरी टाकली — गुरुजींच्या नंबरात एक आकडा चुकला होता, सगळे फोन जायचे एका बँडवाल्याकडे. लोक त्याला विचारायचे, पिंडाला किती वाजता येता? तो म्हणायचा, घोडी आपली की आमची? ही जी चालली ना. ब्लॉगवर सात-आठशे लोकांनी वाचली. बँडवाल्यालासुद्धा दोन लग्नं मिळाली त्यातून.

तर चुकीचे नियम असतात. एक म्हणजे चूक अशी पाहिजे की वाचणारा हसेल आणि मग म्हणेल, माणूस मोठ्या मनाचा आहे. चूक आधीच दुरुस्त झालेली पाहिजे. आणि ज्याचं नुकसान झालं तो माणूस खूश पाहिजे, जमलं तर फोटोत पाहिजे. ह्यात बसेल तीच चूक टाकायची. बाकीच्या — बाकीच्या असतात आपल्या. झाकली मूठ. गेल्या वर्षी एका क्लबाने मला 'पारदर्शी व्यावसायिक' म्हणून शाल दिली, सोबत काचेचं मानचिन्ह, ते ठेवलंय बघा कपाटावर. आमची प्रेमलता म्हणते — बायको माझी — म्हणते, नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. तिला काय, ती कुणाच्याही कौतुकात मीठ घालते.

पण खरी पंचाईत सांगू का? दर सोमवारी नवीन चूक आणायची कुठून? वर्षभर पुरल्या. मग संपल्या. काम नीट चालायला लागलं होतं, हाच त्रास. रविवारी रात्री बसायचो डोकं धरून. प्रेमलता म्हणायची, मी सांगते तुमच्या चुका, वही घ्या, पेन घ्या, सकाळपर्यंत पुरतील. तिच्या टाकता येत नाहीत. मग मी — आता तुम्ही घरच्यासारख्या आहात म्हणून सांगतो — मग मी शनिवारी एखादी करून ठेवायचो. छोटीशी. कुणाला एकाऐवजी दोन मेसेज पाठवायचे, कुणाच्या यादीत केळीच्या पानाऐवजी विड्याचं पान लिहायचं. शनिवारी चूक, रविवारी फोन करून माफी, सोमवारी ब्लॉग. त्यात काही वाईट नाही, कुणाचं अडलं नाही. लोकांना वाचायला मिळतं. आज सोमवार गेला तर एकशे सेहेचाळीस झाल्या.

ही का नाही टाकली? हं. तुम्ही बरोबर जागी बोट ठेवता. ही टाकायची होती. ठरलं होतं. ही मोठी चूक आहे, मोठ्या दिवशी टाकायची — दीडशेवी. दीडशेव्या चुकीला छोटासा कार्यक्रम पण करावा म्हणत होतो, पोहे-जिलबी ठेवून. आता अशी चूक कुठल्याही सोमवारी वाया कशी घालवायची? आणि नाजूक आहे ना. अकराशेमधली साडेचारशे घरं वद्य पक्षातली. साडेचारशे घरांना सांगायचं की तुमचे वडील, तुमची आई, त्यांच्या दिवशी उपाशी राहिले आणि भलत्याच दिवशी पानावर बसवले — हात दाखवून अवलक्षण. एक घर ओरडलं की दहा ओरडतात. म्हणून मी काय केलं, जो विचारायला येईल त्याचं दुरुस्त करायचं. बडा गणपतीजवळचे नानासाहेब आले होते काठी घेऊन, ही काठी, ह्या टेबलावर आपटली. त्यांची तिथी त्याच क्षणी दुरुस्त. वर पुरणपोळी खायला या घरी म्हणालो. असे सतरा-अठरा आले असतील. सगळे खूश गेले. जो नाही आला, त्याला मुद्दाम त्रास कशाला द्यायचा? पितृपक्षात तर सगळ्यांचंच बरोबर होतं, तिथे नुसती तिथी धरतात. म्हणजे वर्षातून एकदा तरी पोचतंच त्यांना.

मला कधी कळलं? म्हणजे — कळत गेलं हळूहळू. आणि मूळ चूक माझी म्हणावी का, हाही प्रश्न आहे. प्रोग्राम बनवला अनीशने. माझा भाचा, बंगलोरला असतो. आजकालची मुलं, ताई, त्यांना वद्य म्हणजे काय, शुद्ध म्हणजे काय, काही कळत नाही. त्याला 'एकादशी' म्हटलं तर खिचडी आठवते. त्याने फाइल घेतली जी मिळाली ती. आता त्याला दोष देऊन — हां, विचारलं होतं त्याने. विचारलं होतं. फोन करून म्हणाला, मामा, दोन प्रकारचे महिने दिसतायत, कोणता धरू? मी म्हणालो, महिना तो महिना रे, उसमें क्या पूछना. मी तेव्हा पोहे खात होतो. त्याने परत विचारलं होतं. मी म्हणालो, आमच्या पणजोबांनी दरबारात तिथ्या सांभाळल्या, तू मला शिकवतोस? मग त्याने हाताशी होती ती फाइल घातली. हे ब्लॉगवर नाही टाकता येत, घरातला मामला आहे.

बरं, तुमचा कागद. लिहू या. हा लेटरहेड घेतो, चांगल्यातला. 'श्री. मानस तारे यांस' — बरोबर? आता मजकूर. 'आमच्या सेवेत काही तांत्रिक कारणाने, व प्रादेशिक पंचांगांतील भिन्नतेमुळे, काही मान्यवर ग्राहकांना' — नको? का हो, चांगलं आहे की. बरं. 'आपल्या मातोश्रींच्या व आमच्या दरम्यान झालेल्या गैरसमजातून' — हां, तुमचा गैरसमज नव्हता, मान्य. खोडतो. 'चूक झाली' असं लिहितो. 'चूक झाली' छान वाटतं, आपोआप झाल्यासारखी. 'मी केली' म्हटलं की — ताई, मला एकसष्टावं चालू आहे, माझ्या सहीचा कागद पुण्याला जाणार, तो पोरगा त्याचा फोटो काढून टाकणार कुठे तरी, आणि साडेचारशे घरं उद्या ह्या जिन्यावर. त्यापेक्षा असं करू, ब्लॉगवर लिहितो, नाव न घेता. 'एका ज्येष्ठ ग्राहक भगिनींनी लक्षात आणून दिलं.' तुमचा फोटो टाकू, दोन्ही पंचांगं हातात घेऊन. लिंक मानसला पाठवा. तो वाचेल, रडेल, येईल. सगळ्यांना माहीत आहे, मी काही लपवत नाही.

नाही, असं बघू नका माझ्याकडे. मी लपवणारा असतो तर लोकांनी इतक्या विश्वासाने लिहिलं असतं का मला? ही चूक तर पुण्याच्याच एका सज्जनाने दोन वर्षांपूर्वी कळवली होती, किती सभ्य शब्दांत — हां. दोन वर्षं. म्हणजे कळवली होती, पडताळणी चालू होती. आमच्याकडे प्रत्येक मेलला चोवीस तासांत उत्तर जातं, हा आमचा नियम. शंका असेल तर दाखवतो ना. थांबा. 'सूचना आणि अभिनंदन' म्हणून एक खातं केलंय मी, सगळं त्यात टाकतो. हे बघा, ह्यांचे तीन मेल आलेत. तीनही वेळा आमचं उत्तर गेलंय — 'आपल्या मौलिक सूचनेबद्दल आभारी आहोत. चूक दाखवणारा ग्राहक हाच आमचा गुरू.' हे वाक्य माझं आहे. आता हा तिसरा वाचून दाखवतो तुम्हाला, म्हणजे कळेल लोक कसे बोलतात आमच्याशी. चष्मा — हां.

'श्री. निरखे यांस सा. न. हा माझा तिसरा मेल. पहिल्या दोन्हींना आपले आभार आले, त्याबद्दल मीही आभारी आहे.' बघा, किती सुसंस्कृत. 'वद्य पक्षाच्या तिथ्या तुमच्याकडून महिनाभर आधी कळवल्या जातात, हे पुन्हा सांगत नाही. बडा गणपतीजवळ राहणाऱ्या आमच्या ओळखीच्या गृहस्थांची तिथी तुम्ही दुरुस्त करून दिलीत, म्हणजे तुम्हाला ते पटलेलं आहे.' हे नानासाहेब असणार. 'माझी विनंती छोटी आहे. तुमच्याकडची नोंद माझ्या आईच्या नावे आहे. ती माझं ऐकत नाही, तुमचं ऐकते.' असतं असं, घरोघरी — 'तुम्ही तिला एक ओळ पाठवावी, की तिथी सांगताना तुमची चूक झाली. त्यात माझं नाव कृपया घालू नका. तिला वाटेल, मी जिंकण्यासाठी लिहवून घेतलं. तिला हरल्यासारखं वाटायला नको आहे.'

काय झालं ताई? पाणी देऊ? नाही? वाचू पुढे? थोडंच आहे. 'मी दर वर्षी खऱ्या तिथीला तिकडे येतो. इंदूरजवळ हातोदला एक गुरुजी आहेत, त्यांच्या घरी बाबांचं श्राद्ध करतो आणि संध्याकाळच्या बसने परत निघतो. इंदुरात स्टँडपासून पुढे जात नाही. घरापर्यंत जाऊन परत फिरणं मला जमायचं नाही. गुरुजींच्या घरी वडे चांगले करतात, पण आमसुलाची चटणी गोड करतात. बाबांना ती आंबट लागायची, आई तशीच करायची. तुमची एक ओळ गेली तर पुढच्या वर्षी —'

पुढे नाव आहे.

मी हे पूर्ण वाचलं नव्हतं, ताई. आता खोटं कशाला बोलू. वरच्या दोन ओळी वाचल्या, सूचना आहे म्हटलं, खात्यात टाकलं, उत्तर आपोआप जातं. चोवीस तासांत. बाळकृष्ण तारे, मानस तारे, समोर होतं सगळं. एक ओळच मागत होता. माझ्याकडे एकशे सेहेचाळीस सोमवार होते, आणि हा — हा बिचारा आपल्याच गावात येऊन पाऊण तासावर — मी त्याला गुरू म्हणालो, तीन वेळा.

प्रिंट? काढतो. काढतो ना. कागद अडकतो ह्याच्यात कधी कधी, एक मिनिट. नाही? प्रिंट राहू दे? मग काय — फोन लावताय. आत्ता? इथूनच? थांबा, आधी ठरवू काय बोलायचं, मी दोन मुद्दे लिहून देतो — लागला? रिंग जातेय? नंबर पाठ आहे तुम्हाला. तीन वर्षांत.

उचलला. बोला ताई. अहो बोला ना, तो हॅलो हॅलो म्हणतोय, मला इथपर्यंत ऐकू येतंय. आई म्हणतोय. बोला. मी? मी कशाला? माझं त्याच्याशी — बरं. द्या इकडे.

हॅलो. हां, मानसजी, नमस्कार. मी अशोक निरखे बोलतोय, मल्हारगंजातून, स्मरणतिथी सेवा. नाही नाही, आईंना काही झालेलं नाही, त्या ठीक आहेत, माझ्या समोर बसल्या आहेत, मराठी पंचांग घेऊन आल्यात. तर मी काय म्हणत होतो, की आपल्या सेवेत काही तांत्रिक — म्हणजे असं आहे, आम्ही सुरुवातीपासूनच पारदर्शी — हॅलो? हो, आहे मी. ऐकतोय ना तुम्ही? हो. मानसजी, तुमचं बरोबर होतं. चूक माझी होती. मी केली, मला माहीत होती, आणि मी सांगितली नाही. आईंना नव्हती माहीत. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला, बस. नाही, काही म्हणा तुम्ही, म्हणा. नको? बरं. हो. देतो त्यांना.

घ्या, ताई. आई कुठे आहे विचारतोय.

ह्या खुर्चीत बसा, तिथे आवाज नीट येतो. मी पंखा बंद करतो. ताई, एकच, फोन ठेवल्यावर सांगा घाई नाही — हे जर येत्या सोमवारी, नाव न घेता, नुसतं —

नाही. बरोबर आहे. मी बाहेर जिन्यात बसतो. दार ओढून घेतो.